सांताक्लॉजची भेट : जाणत्यांचे मौन

सांताक्लॉजचे आज रूढ असलेले रूप ज्या कवितेने मुख्यत्वे घडविले, त्या कवितेत एकही मूल त्याला पाहत नाही. २३ डिसेंबर १८२३ रोजी न्यूयॉर्क राज्यातील ट्रॉय या गावच्या 'सेंटिनेल' वृत्तपत्रात निनावी प्रसिद्ध झालेल्या आणि पुढे क्लेमेंट क्लार्क मूर यांच्या नावावर रुजू झालेल्या या रचनेत मुले गाढ झोपलेली असतात; जागा होतो तो बाप. धुराड्यातून उतरलेला ठेंगणा, गुबगुबीत पाहुणा त्या बापालाच काय तो दिसतो, आणि एक शब्दही न बोलता आपले काम उरकून निघून जातो. म्हणजे या मिथकाच्या घडणीत दोन अटी अनुस्यूत आहेत : ज्यांच्यासाठी तो येतो त्यांनी त्याला पाहायचे नाही, आणि त्याने बोलायचे नाही. देणारा अदृश्य आणि अबोल राहिला, तरच घरातली वस्तू 'आलेली' ठरते. एरवी ती 'आणलेली' असते.

या दोन्ही अटी दुकानाने मोडल्या. मॅसॅच्युसेट्समधील ब्रॉक्टन येथे जेम्स एडगर या स्कॉटिश वंशाच्या व्यापाऱ्याने १८९० साली सांताचा पोशाख चढवून आपल्या दुकानात मुलांशी बोलण्यास सुरुवात केली आणि दुकानातल्या सांताची प्रथा तेथून पसरली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. न दिसणारा दिसू लागला, न बोलणारा प्रश्न विचारू लागला. व्यापाऱ्याने हे का केले, याचे उत्तर सोपे आहे. अवघड प्रश्न आहे तो कुटुंबांचा. ज्या कल्पिताचे आयुष्य न दिसण्यावर अवलंबून आहे, त्याला मुलाच्या तीक्ष्ण नजरेसमोर हातभर अंतरावर आणून बसविण्यात केवढा धोका आहे! दाढीचे इलॅस्टिक दिसते, बूट ओळखीचे निघतात, एका दुकानातला सांता उंच तर दुसऱ्यातला बुटका असतो. विश्वास टिकवणे हाच हेतू असता, तर शहाण्या आईबापांनी मुलाला या रांगेपासून दूरच ठेवले असते. उलट, सव्वाशेहून अधिक वर्षे ते आपण होऊन, चांगले कपडे घालून, तासन्‌तास तिष्ठत मुलांना तेथे नेत आले आहेत. २०२० च्या साथीतही अनेक ठिकाणी पारदर्शक पडद्याआड किंवा दूरच्या पडद्यावर का होईना, पण ही भेट घडविली गेली. तेव्हा या भेटीचा अर्थ मुलाच्या विश्वासाखेरीज अन्यत्र शोधणे भाग आहे.

साहित्यसमीक्षेला येथे प्रथम आठवते ती कोलरिजने १८१७ साली रूढ केलेली, अविश्वास स्वेच्छेने बाजूला ठेवण्याची संकल्पना. परंतु ती येथे पुरी पडत नाही. मुलापाशी बाजूला ठेवण्याजोगा अविश्वास अजून आलेला नसतो. मोठ्यांपाशी तो असतो, पण ते तो बाजूला ठेवत नाहीत, केवळ झाकतात. या दोन पक्षांमधला व्यवहार लेखक आणि वाचक यांच्या व्यवहारापेक्षा वेगळा आहे. त्याची अधिक नेमकी उकल क्लॉद लेव्ही-स्ट्रॉसने केली. २३ डिसेंबर १९५१ रोजी फ्रान्समधील दिजाँ येथे कॅथीड्रलच्या प्रांगणात, धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांच्या देखत, नाताळबाबाच्या प्रतिमेचे दहन करण्यात आले. नाताळ बळकावणारा पाखंडी, असा आरोप त्याच्यावर होता. पुढच्याच दिवशी तो नगरभवनाच्या छपरावर पुन्हा अवतरला. या घटनेवर १९५२ साली लिहिलेल्या निबंधात लेव्ही-स्ट्रॉसने दाखवून दिले, की सांता मानणारे आणि सांता न मानणारे ही विभागणी म्हणजे वस्तुतः मुले आणि प्रौढ यांची विभागणी आहे. म्हणून हा दीक्षाविधीचाच एक प्रकार होय. भेटवस्तू परलोकातून येतात असे मुलांना पटवून देण्यात मोठ्यांचीच एक खोल गरज भागत असते.

याच सूत्राला ऑक्ताव्ह मानोनीने १९६४ च्या एका निबंधात पुढे नेले. त्याच्यासमोर उदाहरण होते ॲरिझोनातील होपी जमातीच्या डॉन तलायेस्वा याच्या १९४२ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनाचे. कचिना हे मुखवटाधारी देव आपलेच नातलग आहेत, हे दीक्षेच्या वेळी कळल्यावर त्या मुलाला दुःख होते; परंतु देव तेथे संपत नाहीत. मुखवट्यामागे काका आहे हे माहीत असूनही कचिना खरोखर येतात, अशी अधिक गुंतागुंतीची श्रद्धा पहिल्या भाबड्या श्रद्धेची जागा घेते. 'मला ठाऊक आहे, पण तरीही' अशा आशयाचे मानोनीच्या निबंधाचे शीर्षक ही द्विधा अचूक पकडते. त्याचे म्हणणे असे, की मोठ्यांना स्वतःला विश्वास ठेवता येत नाही, म्हणून त्यांना विश्वास ठेवणारे कोणी तरी हवे असते. आणि मुले ते काम करतात.

हे सारे मान्य केले तरी रांगेच्या टोकाशी प्रत्यक्ष काय घडते, याकडे बारकाईने पाहायला हवे. घरी बडबड करणारे मूल तेथे एकाएकी गप्प होते. तान्हे असेल तर भोकाड पसरते. सांता त्याला मांडीवर किंवा शेजारी घेतो आणि तीन प्रश्न विचारतो : नाव काय, शहाण्यासारखे वागलास ना, आणि काय हवे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मूल सांताच्या कानात सांगते, पण ऐकणारे खरे कान दोन पावलांवर उभ्या असलेल्या आईचे असतात. चार्ल्स हॉवर्डने १९३७ साली न्यूयॉर्क राज्यातील ॲल्बियन येथे सांता होऊ इच्छिणाऱ्यांसाठी शाळा काढली. ती आज मिशिगनमधील मिडलँडला चालते. या व्यवसायातला जाणता माणूस वस्तूचे वचन देत नाही. 'बघू या' म्हणत आईबापांच्या चेहऱ्याचा अंदाज घेतो. म्हणजे या छोट्याशा संवादाचे कर्तृत्व तिघांत वाटलेले आहे. मूल आपली इच्छा प्रथमच एका परक्यापुढे शब्दांत मांडते. परका ती होकार-नकाराशिवाय स्वीकारतो. आणि आईबाप, ज्यांच्याकडे ती इच्छा एरवी हट्ट म्हणून आली असती, ती येथे चोरून ऐकतात. मागणी आणि पुरवठा यांच्यामध्ये एक तिसरा माणूस आल्यामुळे घेणाऱ्यावर ऋण राहत नाही आणि देणाऱ्याला उपकाराची भाषा बोलावी लागत नाही. मराठीत 'भेट' हा एकच शब्द भेटण्यालाही चालतो आणि दिलेल्या वस्तूलाही. सांताच्या बाबतीत हे दोन अर्थ एकमेकांना धरून आहेत : त्याला भेटणे हे भेट निनावी करण्याचे साधन आहे.

मात्र दुसऱ्या प्रश्नात एक क्रूर शक्यता दडलेली आहे, आणि तिच्याकडे डोळेझाक करून या प्रथेचे गोडवे गाता येणार नाहीत. शहाण्या मुलाला मिळते, असे म्हटले की भेट हा निकाल ठरतो. जानेवारीत शाळा उघडते तेव्हा एकाला सायकल मिळालेली असते आणि त्याच्याच बाकावरच्या दुसऱ्याला हातमोज्यांची जोडी. दोघांनाही तोच सांता भेटला होता, दोघांनीही तेच उत्तर दिले होते. ज्या कल्पिताने सधन घरात आईबापांचे प्रेम झाकले, तेच कल्पित निर्धन घरात आईबापांची असमर्थता झाकते. पण त्याची किंमत मुलाकडून वसूल करते. बाजारभाव, पगार, बेकारी यांच्या जागी मुलाला आपला स्वतःचा दोष दिसतो. सांताच्या नावे टपालात पडणाऱ्या पत्रांत खेळण्यांइतकेच जोडे आणि कोटही मागितलेले आढळतात. १९१२ साली अमेरिकेचे पोस्टमास्टर जनरल फ्रँक हिचकॉक यांनी टपाल कर्मचाऱ्यांना व नागरिकांना अशा पत्रांना उत्तरे देण्याची मुभा दिली, आणि पत्र उचलून सांताच्या नावे वस्तू पाठविण्याची प्रथा रुजली. पाठविणारा स्वतःचे नाव कळवीत नाही. दुकानाने मोडलेली १८२३ ची अट अशा रीतीने अनोळखी माणसांनी पुन्हा पाळली. ही व्यवस्था अन्याय दूर करीत नाही. पण निकालाची भाषा निदान काही घरांपुरती खोटी पाडते.

या विधीची आणखी एक कसोटी परदेशी घरांत लागते. १९४७ च्या 'मिरॅकल ऑन थर्टी-फोर्थ स्ट्रीट' या चित्रपटात रॉटरडॅमच्या अनाथालयातून दत्तक आलेली मुलगी सांतासमोर उभी राहते. तिला इंग्रजी येत नाही. आणि सांता तिच्याशी डच बोलू लागतो. विश्वास न ठेवण्याच्या शिस्तीत वाढलेली सुझन हे दुरून पाहते आणि प्रथमच विचारात पडते. दाढीपेक्षा भाषेने तिला हलविले, हे लक्षणीय आहे. न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातील मुलाला असा सांता सहसा भेटत नाही. शाळेतून ते प्रश्न घेऊन येते : आपल्या घरी तो येतो का? ज्या आईने लहानपणी त्याला कधी मानले नाही, तिला आता त्याचे पालकत्व पत्करावे लागते. लेव्ही-स्ट्रॉसच्या मांडणीत दीक्षा देणारे प्रौढ एके काळी स्वतः दीक्षित झालेले असतात. येथे क्रम उलटतो. मूल आईचा हात धरून तिला रांगेत नेते आणि या कल्पिताची दीक्षा देते.

तथापि ही आई रिकाम्या हातांनी आलेली नसते. गणेशचतुर्थीच्या आधी कारखान्यात रंगाची वाट पाहणाऱ्या मूर्तींच्या ओळी तिने पाहिलेल्या असतात. माती आहे हे सर्वांना ठाऊक, प्राणप्रतिष्ठेनंतर देव आहे हेही सर्वांना ठाऊक, उत्तरपूजेनंतर पुन्हा माती हेही ठाऊक. तेथे कोणी कोणापासून काही लपवीत नाही, म्हणून एखाद्या दिवशी काही उघडकीस येण्याचा प्रसंगही येत नाही. 'मला ठाऊक आहे' आणि 'पण तरीही' यांच्यामध्ये पश्चिमेत वर्षांचे अंतर पडते. गणपतीसमोरच्या मुलाला ती दोन्ही वाक्ये एकाच श्वासात मिळतात. साम्य फार ताणू नये. गणपती ही उपासना आहे, सांता तसा नाही. पण 'तो खरा आहे का?' या प्रश्नाला ही आई 'तुला काय वाटते?' असे उत्तर देते, तेव्हा ती टाळाटाळ करीत नसते. तिच्या परिचयाच्या जगात तो प्रश्न असाच उघडा ठेवला जातो. डोनाल्ड विनिकॉटने लहान मुलाच्या लाडक्या चिंधीविषयी असेच म्हटले होते : ही तू निर्माण केलीस की तुला सापडली, असे त्याला विचारायचे नसते.

प्रश्न तरीही एक दिवस सुटतो. १८९७ साली न्यूयॉर्कच्या 'सन' वृत्तपत्राला पत्र लिहिणारी आठ वर्षांची व्हर्जिनिया ओहॅनलन आधी वडिलांकडेच गेली होती. त्यांनी तिला वृत्तपत्राकडे वळविले आणि फ्रान्सिस चर्च यांच्या निनावी अग्रलेखाने होकार दिला. बहुतेक मुलांना असे उत्तर छापून मिळत नाही. कपाटात लपविलेले खोके सापडते, हस्ताक्षर ओळखू येते. त्या क्षणी मूल फसवले गेल्याचा दावा करू शकते, आणि काही मुले तो करतातही. तो दावा निराधार नसतो. परंतु पुष्कळांच्या बाबतीत दुसरेच काही घडते. पुढच्या डिसेंबरात तेच मूल धाकट्या भावंडासोबत रांगेत उभे असते. त्याला आता दाढीचे इलॅस्टिक दिसते, बूट दिसतात, आईचे कान टवकारलेले दिसतात. धाकटे त्याच्याकडे वळून हलक्या आवाजात विचारते, हाच तो का? त्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचे, हे त्याला कोणी शिकविलेले नसते. ते मान डोलावते आणि रांगेत एक पाऊल पुढे सरकते. सत्य कळणे आणि ते केव्हा, कोणापुढे बोलायचे नाही हे कळणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिलीसाठी एक उघडे कपाट पुरते, दुसरीसाठी कुटुंब लागते.