गेड शेळ्या राखतो तेव्हा

लेखिका उर्सुला ले ग्विननं अर्थसी या काल्पनिक जगाची गोष्ट एकदा नाही, तीनदा संपवली. १९७२ साली ‘द फार्दस्ट शोअर’ आलं, तेव्हा तीन पुस्तकांची मालिका पुरी झाली असंच सगळ्यांनी धरलं. मग अठरा वर्षांनी, १९९० मध्ये, ‘तेहानू’ आलं. त्याच्या उपशीर्षकातच ते अर्थसीचं शेवटचं पुस्तक असल्याचं लिहिलं होतं. तेही शेवटचं ठरलं नाही. २००१ मध्ये एक कथासंग्रह आला आणि ‘द अदर विंड’ ही कादंबरी आली. ती मी नुकतीच वाचून संपवली आणि तेव्हापासून दुसऱ्या कुठल्या पुस्तकात मन लागत नाहीये. आवडती मालिका संपली की चुटपुट लागतेच. पण या वेळी ती नुसती चुटपुट नाही.

गेड हा या गोष्टीचा नायक. गाँट नावाच्या डोंगराळ बेटावर शेळ्या राखणारा आईवेगळा पोरगा. त्याचा रंग तांबूस तपकिरी आहे, आणि ले ग्विन ते इतक्या सहज सांगून जाते की गोऱ्या नायकांची सवय झालेल्या वाचकाला ते कळायलाही वेळ लागावा. तिच्या दृष्टीनं ते फार महत्त्वाचं होतं. २००४ मध्ये टीव्हीवर आलेल्या रूपांतरात गेडला गोरा केलं, तेव्हा तिनं त्याविरुद्ध जाहीरपणे लिहिलं. जादूगारांच्या पुस्तकांत आपल्या रंगाचं माणूस शोधत मोठी झालेली मी, मला तिचा तो संताप अगदी जवळचा वाटतो.

पहिल्या पुस्तकात गेड रोक बेटावरच्या जादूच्या शाळेत जातो, गर्वापायी मेलेल्यांतून एकीला हाक मारतो आणि तिच्याबरोबर एक काळी सावली जगात येते. आधी तो तिच्यापासून पळतो, मग उलटा तिच्या मागे लागतो. तिसऱ्यात, जिवंत आणि मृत यांच्यामधलं उघडं पडलेलं दार बंद करताना त्याची सगळी विद्या खर्ची पडते. कालेसिन हा ड्रॅगन त्याला पाठीवर घेऊन उडून जातो. पुढे तो कुठे गेला, याच्या नुसत्या दंतकथा उरतात.

मला ही पुस्तकं ज्यानं दिली, तो माझा मावसभाऊ इथंच थांबला. नायकानं असंच जावं, त्याच्यामागे फक्त गोष्टी राहाव्यात, असं दादाचं म्हणणं आहे. ‘तेहानू’ त्यानं अर्ध्यात सोडलं. त्याच्यासारखे वाचक पुष्कळ आहेत. माझ्या मते मात्र या मालिकेचं काळीज ‘तेहानू’तच आहे.

तिथं कालेसिन गेडला गाँटच्या कड्यावर आणून उतरवतो, तेव्हा तो अर्धमेला असतो. त्याला सांभाळते तेनार, दुसऱ्या पुस्तकातली ती लहानपणीच देवळाला वाहिलेली मुलगी. आता ती एका शेतकऱ्याची विधवा आहे, दोन मोठ्या मुलांची आई. तिच्याजवळ एक पोर आहे. त्या पोरीला तिच्याच माणसांनी आगीत टाकलं होतं. अर्धा चेहरा जळालेला, एक डोळा गेलेला, हाताची बोटं आखडून नखीसारखी झालेली. आणि गेड? राजाची माणसं शोधायला आली तर हा लपून बसतो. आपल्याकडे काहीच उरलं नाही, या शरमेनं तो डोंगरावर शेळ्या राखायला निघून जातो, लहानपणी राखायचा तशाच. तेनारचा खलाशी मुलगा घरी येतो, जेवतो आणि ताटं आवरणं हे बायकांचं काम म्हणून उठून जातो. गेड मात्र ते काम करतो. सावलीशी लढलेला महाजादूगार खरकटी उचलतो, त्याचा कुठं गाजावाजा नाही, पण मी ते पान कितीदा तरी उलटून वाचलं. पराक्रम संपल्यावर माणसानं कसं जगायचं, हे इतर कुठल्या काल्पनिक कादंबरीत मला सापडलं नव्हतं.

‘द अदर विंड’मध्ये गेड म्हातारा झालाय. त्याच्याकडे ऑल्डर येतो, फुटकी भांडी सांधणारा एक साधा माणूस. त्याची बायको गेलीय. रोज रात्री स्वप्नात तो एका बुटक्या दगडी कुंपणाशी जातो, पलीकडून मेलेली माणसं हात पुढे करून सोडवण्याची विनवणी करतात. गेडकडे आता मंत्र नाही. जिवंत जिवाचा स्पर्श असला की ऑल्डरला ती स्वप्नं पडत नाहीत, हे लक्षात आल्यावर तो त्याला झोपताना कुशीत घ्यायला एक मांजराचं पिल्लू आणून देतो. एवढंच.

हे वाचताना मला आजोबांचा दहावा आठवत राहिला. घाटावर पिंड मांडलेला, कावळा जवळ येई आणि परत उडे. मोठी माणसं एकेक करून हात जोडून सांगत होती, आजीला सांभाळू, शेताचं बघू. ऑल्डरच्या कुंपणाशी मी थांबले ती त्यामुळे. मेलेल्यांचं काहीतरी अडकलंय आणि ते जिवंतांनी सोडवायचंय, ही भावना मला कुणी समजावून सांगावी लागली नाही. अर्थसीत कार्ग लोक पुनर्जन्म मानतात, रोकचे विद्वान त्यांना रानटी समजतात. शेवटी कळतं ते असं: मरणानंतरही आपण उरावं या हव्यासानं पूर्वीच्या जादूगारांनी ड्रॅगनांची भूमी बळकावली, आणि तीच पुढे मेलेल्यांचा तुरुंग झाली. ते कुंपण ढासळतं आणि मेलेले मोकळे होतात. तिसऱ्या पुस्तकात ज्या मृतांच्या देशाचं दार बंद करायला गेडनं सर्वस्व दिलं, तो देशच चुकीचा होता, असं लिहायला किती धैर्य लागलं असेल! स्वतःच्याच गाजलेल्या पुस्तकाचा पाया तिनं उकरून पाहिला.

ले ग्विन २२ जानेवारी २०१८ ला गेली. त्याच वर्षी तिची ‘फायरलाइट’ ही छोटी कथा छापून आली. तिच्यात गेडचे अखेरचे दिवस आहेत. म्हणजे चौथ्यांदाही तिनंच संपवलं.

तरी माझी एक तक्रार राहिलीच. रोकची शाळा सुरू करणाऱ्यांत बायका होत्या, हे तिनंच त्या कथासंग्रहात दाखवलं. मग त्यांना दाराबाहेर काढलं गेलं. इरियन नावाची मुलगी त्या दाराशी येऊन उभी राहिली, द्वारपालानं तिला आत घेतलं, पण ती निघाली ड्रॅगन. ड्रॅगन नसलेली, साधी, थोडीशी जादू अंगात असलेली एखादी शेतकऱ्याची पोर तिथं आली आणि वर्गात जाऊन बसली, ते मला वाचायचं होतं.