आधी आपला श्वास

20 सप्टेंबर 2018 रोजी सकाळी मुंबईहून जयपूरला निघालेले जेट एअरवेजचे बोइंग 737 विमान उंची गाठत असतानाच माघारी फिरले. विमानात 166 प्रवासी होते. केबिनमधला हवेचा दाब राखला गेला नव्हता. डोक्यावरच्या झडपा उघडून प्राणवायूचे मास्क खाली लोंबू लागले. सुमारे तीस प्रवाशांना त्रास झाला. काहींच्या नाकातून, काहींच्या कानातून रक्त आले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जे कारण सांगितले ते अगदीच घरगुती होते: क्रू एक स्विच चालू करायला विसरला. त्या स्विचचे नाव ‘ब्लीड’. इंजिनातून दाबलेली हवा काढून ती केबिनमध्ये सोडायची, म्हणून ‘ब्लीड’. आणि तो बंद राहिला म्हणून माणसांची नाके वाहिली. एखाद्या कथालेखकाने हा श्लेष योजला असता, तर आम्ही समीक्षक मंडळींनी त्याला बटबटीत म्हणून निकालात काढले असते.

पुढे दोन्ही वैमानिकांना चौकशीसाठी कामावरून दूर ठेवण्यात आले. परंतु ‘क्रू विसरला’ हे वाक्य वाचून सामान्य मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर वैमानिक येत नाहीत; येते ती ट्रॉली ढकलणारी मुलगी. जिला आपल्या वृत्तपत्रांनी वर्षानुवर्षे ‘हवाई सुंदरी’ म्हटले, तिच्याकडे दुसरे कोणते काम असेल याची कल्पनाच त्या शब्दाने करू दिली नाही. हा शब्द कोणी रूढ केला हे आम्हांस ठाऊक नाही. पण एका जोखमीच्या व्यवसायाचे इतके पूर्ण झाकण दुसऱ्या कोणत्या मराठी शब्दाने केले असेल असे वाटत नाही.

आम्ही राहतो शेणव्याला, शहापूर तालुक्यात. मुंबईकडे उतरणारी विमाने इथून दिसतात, आणि भातलावणीच्या दिवसांत चिखलात उभे राहून मुले ती मोजतात. त्या मुलांपैकी एक, आमची माजी विद्यार्थिनी, काही वर्षांपूर्वी केबिन क्रूच्या प्रशिक्षणाला गेली. सुट्टीत आली तेव्हा तिने आपली वही आम्हांला वाचायला दिली. मराठीच्या मास्तरांना वही दिली की ते शुद्धलेखन तपासतात, हा तिचा जुना अनुभव. आम्ही मात्र तिच्यातील गद्य वाचत बसलो. सगळी वाक्ये आज्ञार्थी. विशेषण नाही, ‘कृपया’ नाही. दाब गेला की काय करायचे त्याचा पहिला नियम असा: हाताशी येईल तो मास्क ओढून स्वतःला लावा, बसा, स्वतःला बांधून घ्या.

तिच्या आईला हे मुळीच रुचले नाही. त्या म्हणाल्या, “मास्तर, लोकांची पोरं तडफडत असताना हिनं आधी आपल्याच नाकाला लावायचं? असली कसली चाकरी?”

प्रश्न अडाणी नव्हता. ज्या घरात आई सगळ्यांची ताटे झाल्यावर उरलेले वाढून घेते, त्या घरातून तो आला होता. आमच्या संतवाङ्मयापासून शालेय पाठ्यपुस्तकांपर्यंत सेवेची जी व्याख्या आहे, तिच्यात सेवकाचा श्वास कुठेच मोजलेला नाही. मुलगी गप्प बसली. उत्तर तिला पाठ होते, पण ते आईच्या भाषेत कसे सांगावे हे तिला उमगत नव्हते. आम्ही प्रयत्न केला तो असा.

कळसूबाईचे शिखर सुमारे 5,400 फूट. विमान 35,000 फुटांवर असते तेव्हा केबिनमधली हवा साधारण 6,000 ते 8,000 फुटांवरच्या डोंगरावर असावी इतकी विरळ असते. म्हणजे सगळे ठीक असतानाही आपण कळसूबाईच्या वरच बसलेले असतो. केबिनमधली हवा 14,000 फुटांच्या आसपास असावी इतकी विरळ झाली की मास्क आपोआप पडतात. आणि 35,000 फुटांवर दाब एकाएकी गेला, तर माणूस अर्धा ते एक मिनिट शुद्ध राखून काही करू शकतो. त्यातही वाईट भाग असा की धोका धोक्यासारखा भासत नाही. डोके हलके होते, प्रसंगी आनंद वाटतो, आपण सगळे नीट करतो आहोत असा विश्वास वाटतो. वर्गात आम्ही ‘अविश्वसनीय निवेदक’ ही संकल्पना शिकवतो, तिचे याहून शुद्ध उदाहरण आम्हांला सुचत नाही: ज्या बुद्धीने बिघाड ओळखायचा, तीच आधी बिघडते. म्हणून पोरीने क्षणभर परोपकार केला, तर पुढच्या क्षणी ती स्वतःच आडवी पडेल, आणि पन्नास माणसांना उठवायला कोणी उरणार नाही.

त्या ऐकत होत्या. पटले की नाही, ते कळले नाही.

मुलीच्या वहीत एका ओळीखाली दोन रेघा होत्या: विमान खाली उतरत नसेल तर कॉकपिटशी संपर्क साधा. ही ओळ साधी दिसते. 14 ऑगस्ट 2005 रोजी सायप्रसमधील लार्नाकाहून अथेन्सकडे निघालेल्या हेलिओस कंपनीच्या 737 विमानात दाबाची कळ जमिनीवरील तपासणीनंतर हाताने चालवण्याच्या स्थितीतच राहिली होती. विमान चढत असताना भोंगा वाजला. त्या विमानात हा भोंगा दोन अर्थांनी वाजत असे: जमिनीवर असताना ‘उड्डाणाची तयारी अपुरी आहे’, आणि आकाशात ‘दाब गेला आहे’. वैमानिकांनी पहिला अर्थ घेतला. त्या अर्थाचा उलगडा करता करता त्यांची शुद्ध हरपली. मागे केबिनमध्ये मास्क पडलेले होते. अशा मास्कचा प्राणवायू साधारण 12 मिनिटे पुरतो. तेवढ्यात वैमानिकाने विमान 10,000 फुटांपर्यंत खाली आणावे, असा त्यामागचा हिशेब. विमान खाली न येता चढतच राहिले. फार उशिरा, प्राणवायूची बाटली घेऊन केबिन क्रूपैकी एकजण कॉकपिटमध्ये शिरलेला शेजारून उडणाऱ्या लढाऊ विमानांच्या वैमानिकांना दिसला. तोवर इंधन संपत आले होते. 121 जण गेले. पुढे अमेरिकी नियामकाने 737 विमानांत त्या दोन अर्थांसाठी वेगवेगळे दिवे सक्तीचे केले.

अनेकार्थता हा काव्याचा गुण आहे, हे आम्ही तीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो, आणि यापुढेही लिहू. भोंग्याला मात्र तो गुण परवडत नाही.

वहीतला उरलेला भाग विमान 10,000 फुटांवर स्थिरावल्यानंतरचा आहे. आता उठायचे. छोटी बाटली खांद्याला लावायची, रांगेरांगेतून जायचे, कोण बोलतो आहे आणि कोण नुसता हसतो आहे ते पाहायचे. नखे निळी पडली आहेत का ते पाहायचे. मांडीवरच्या मुलांना आधी पाहायचे. आणि शौचालयाचे दार ठोठावायचे. आतला माणूस एकटा असतो, आणि बाहेर काय झाले ते त्याला कोणी सांगितलेले नसते.