मेणवलीच्या घाटावर

वाईहून जवळच कृष्णाकाठी मेणवली आहे. नाना फडणवीसांचा वाडा, त्यामागे दगडी घाट आणि १७३९ च्या वसईविजयानंतर आणलेली पोर्तुगीज घंटा. १९८५ साली, दहावीत असताना, आम्ही येथे सायकलींवरून येत असू. मी वर्गप्रमुख, भोवती सदैव घोळका. सहामाहीनंतर मला कावीळ झाली. महिनाभर अंथरुणावर होतो. घोळक्यापैकी कोणी फिरकले नाही. आला तो क्वचितच बोलणारा, मागच्या बाकावरचा एक मुलगा. माझ्या वह्या नेऊन त्यांत रोजचे धडे उतरवून आणी. बरा होताच मी पुन्हा घोळक्यात शिरलो. त्याच्याशी धड बोललोही नाही.

गेल्या महिन्यात, चाळीस वर्षांनी, त्याला घेऊन येथे आलो. त्याला कंपवात आहे. आता सहीसुद्धा जमत नाही. त्या वह्यांचा विषय मीच काढला. तो म्हणाला, "तुझं अक्षर फार वाईट होतं."

आपल्या घरातील ज्येष्ठांनाही त्यांच्या बाकावरच्या सोबत्याविषयी विचारा, शक्य असल्यास भेट घडवा. मेणवलीस आणायचे तर सकाळी, ऊन चढण्यापूर्वी आणा. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात. आम्ही सातच पायऱ्या उतरलो. माझा खांदा त्याने घट्ट धरला होता.