नंदुरबारच्या मिरची पथाऱ्या

दिवाळीच्या सुमारास नंदुरबारला जाणाऱ्याने गावाबाहेरच्या पथाऱ्या अवश्य पाहाव्यात. बाजार समितीत घेतलेली ओली लाल मिरची व्यापारी येथे उघड्या जमिनीवर वाळत घालतात. दृष्टी पोहोचेल तेथवर लाल रंग, आणि आपल्या नाकाला रुमाल! पुढे स्त्रिया देठ खुडतात, प्रतवारी होते आणि माल पूड करणाऱ्या कारखान्यांकडे जातो. बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला मात्र आधी दिसते ते हे, की लाखोंच्या मालावर छप्पर नाही. अवकाळी पावसाची एक सर आली, तरी मिरची काळवंडते, सडते. व्यापाऱ्याचे भांडवल भिजते आणि मजुरांची रोजीही बुडते.

घरच्या मिरचीला उन्हाची अशी मिनतवारी करावी लागत नाही. तिचा रंजका करावा. आमच्या कुंड्यांतील मिरच्या आम्ही झाडावरच लाल होऊ देतो. उरलेली भरती नंदुरबारहून. मिरच्या धुऊन, पुसून, पूर्ण कोरड्या झाल्यावरच देठ काढावेत, नाहीतर पाणी आत शिरते. किलोला सुमारे 200 ग्रॅम मीठ, दहा लिंबांचा रस, तळलेल्या मेथीची पूड, मोहरी, हिंग. लसणावाचून काही अडत नाही. तिखटपणा बियांत असतो, हा समज चुकीचा आहे. तो मुख्यतः बिया धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या गाभ्यात असतो. तो काढून वाटला, तर रंजका बराच सौम्य होतो. भरलेली काचेची बरणी आठवडाभर मुरू द्यावी. चमचा कोरडाच हवा.