मोबाईल बापाच्या खिशात

शिक्षण खात्याच्या बहुतेक परिपत्रकांच्या शेवटी एक ओळ ठरलेली असते: सदर बाब सर्व पालकांच्या निदर्शनास आणून द्यावी. मुंबईहून किंवा पुण्याहून निघालेला कागद हिंगोलीला जिल्हा परिषदेत येतो, तिथून औंढ्याला गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, मग केंद्रप्रमुखाकडे, केंद्रप्रमुखाकडून मुख्याध्यापकांच्या ग्रुपवर आणि तिथून वर्गाच्या ग्रुपवर. पूर्वी या प्रवासाला पंधरा-वीस दिवस लागायचे, आता दुपारची खिचडी शिजायच्या आत तो पुरा होतो. आधी शिक्षिका आणि पुढे केंद्रप्रमुख म्हणून माझी सगळी नोकरी याच वाटेवर गेली. कागद पुढे पाठवला की ‘कळवले’ अशी नोंद होते. कुणाला कळलं, हे विचारणारा रकाना कोणत्याच नमुन्यात नाही.

हा कागद जिथे पोचतो त्या आमच्या भागातलं शिरड शहापूर घ्या. औंढा नागनाथ तालुक्यातलं, औंढा-वसमत रस्त्यावरचं गाव. बाहेरचे लोक ते मल्लिनाथाच्या जैन मंदिरामुळे ओळखतात. आजूबाजूला हळद, सोयाबीन, तूर, कापूस. सकाळी आठला घरातला बाप फोन खिशात घालून मोटारसायकलला किक मारतो. कुणी शेतावर, कुणी वसमतच्या मोंढ्यात, कुणी गवंड्याच्या हाताखाली. शाळेचा मेसेज येतो अकराला. तो बघितला गेलाच तर रात्री जेवताना, आणि तोवर त्याच्यावर भावकीच्या ग्रुपचे, सोयाबीनच्या भावाचे आणि कुण्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाचे मेसेज चढलेले असतात.

घरात शाळेचा सगळा कारभार मात्र आई बघते. आमच्याकडच्या कित्येक घरांत खुंटीला एक कॅरीबॅग टांगलेली असते. आधार कार्डं, रेशनकार्ड, लसीकरणाचं कार्ड, जातीचा दाखला, बँकेचं पासबुक, सगळं तिच्यात. शाळेने काही मागितलं की ती पिशवी खाली उतरते, कागद पांघरुणावर मांडले जातात आणि अक्षरओळख नसलेली बाईसुद्धा फोटो आणि रंग बघून नेमका कागद काढून देते. कागद तिच्या ताब्यात आणि बातमी नवऱ्याच्या खिशात. एका आईने मला तोंडावर सांगितलं, “मॅडम, गुरूपमधी त्याचे पप्पा हायत. मला कव्हा कळावं? लेकरू सांगल तव्हा.” आणि लेकरू काय सांगतं? उद्या सुट्टी आहे, एवढं नक्की सांगतं.

‘असर’ या शैक्षणिक पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या शाळकरी मुलांच्या घरांपैकी 2018 मध्ये 36 टक्के घरांत स्मार्टफोन होता, 2022 मध्ये हे प्रमाण 75 टक्क्यांच्या जवळ गेलं. हा आकडा बैठकांमध्ये फार आवडीने सांगितला जातो. घरात फोन आहे म्हणजे घराला कळलं, असं त्यात धरून चाललेलं असतं. तो फोन दिवसा कुणाच्या हातात असतो, हे विचारायला बैठकीत वेळ नसतो.

पण दोष फोनवर ढकलून मोकळं होता येत नाही. आपण पाठवतो काय, तेही बघितलं पाहिजे. कुठल्याही वर्गाचा ग्रुप वर सरकवत जा. आधारमधलं नाव दुरुस्त करून आणा. बँक खातं आधारला जोडा. उत्पन्नाचा दाखला उद्यापर्यंत. फोटो दोन. अर्जंट. अतिअर्जंट. महिनोन्‌महिने शाळा फक्त मागत असते. पोरगी आता हातच्याची वजाबाकी करायला लागली, पोराचं जोडाक्षरांपाशी अडतंय, असं एक वाक्य तिथे सापडत नाही. गावात तगादा लावणाऱ्याचा फोन कुणी उचलत नाही. शाळेचाही उचलेनासे झाले तर नवल काय?

‘अपार’ क्रमांकाचंच बघा. विद्यार्थ्याचा बारा आकडी ओळख क्रमांक, त्याला पालकाची लेखी संमती लागते. द्यायची की नाही हे पालकाने ठरवायचं, असं तो नमुनाच सांगतो. आमच्याकडे मोहीम आली ती टक्केवारी घेऊन: अमुक तारखेपर्यंत शंभर टक्के. मग संमतीपत्रं दप्तरातून गेली आणि सही-अंगठे होऊन दप्तरातून परत आली. कशाला संमती दिली, हे विचारलं तर आयांनी सांगितलं, “शिष्यवृत्तीचा कागद असल.” काही न कळवता संमती मिळवण्यात आपण इतके तरबेज झालो आहोत, याची मला काळजी वाटते.

काही बातम्या मात्र कुणीही न कळवता गावभर होतात. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्यातली शाळा व्यवस्थापन समिती कुणाला कळली नाही, शाळा विकास आराखडा कळला नाही, पण ‘आठवीपर्यंत कुणी नापास होत नाही’ हे तांड्यावरच्या आजीलाही वर्षाच्या आत पक्कं ठाऊक झालं. पुढे 2019 मध्ये केंद्राने कायदा बदलला आणि 2023 मध्ये आपल्या राज्याने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आणली. नापास झालं तर निकालानंतर दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षा, त्यातही नापास झालं तर त्याच वर्गात. ही बातमीही ग्रुपवर गेली. चार पानांची पीडीएफ, ‘उपरोक्त संदर्भीय विषयान्वये’ने सुरू होणारी. मे महिन्यात फेरपरीक्षेसाठी पोरांना बोलवायला गेलो तर पोरं मामाच्या गावाला आणि आईबाप लग्नसराईत. “नापास कसं करता वो मॅडम, कायदा हाय ना?” हा सवाल मी उन्हात ओट्यावर उभी राहून ऐकला. त्यांची माहिती चुकीची नव्हती, जुनी होती. आणि नवी माहिती देणं हे काम आमचं होतं.

उलट जिच्यात घराचा फायदा आहे ती बातमी फार हळू चालते. आठवीत असताना एनएमएमएस शिष्यवृत्तीची परीक्षा द्यायची. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. मूल यादीत लागलं तर नववी ते बारावी दरवर्षी 12,000 रुपये. चार वर्षांचे 48,000 होतात. शेतमजुराच्या घरात ही रक्कम पोरीचं लग्न दोन-चार वर्षं लांबवू शकते, आणि हे मी अंदाजाने म्हणत नाही. पण उत्पन्नाचा दाखला काढायला तहसीलला हेलपाटे लागतात, एका दिवसाची मजुरी बुडते. ‘एनएमएमएस फॉर्म भरणे सुरू आहे, कागदपत्रे जमा करावीत’ एवढ्या मेसेजवर कोण रोज बुडवेल? वर्षाला बारा हजार, हा आकडा पहिल्या वाक्यात आला की बाप आपण होऊन औंढ्याची गाडी पकडतो.

म्हणून मी आमच्या शिक्षकांना सांगायला लागले की पीडीएफ राहू द्या, तोंडाने सांगा. अर्ध्या मिनिटाचा आवाजी मेसेज, रात्री आठनंतर, म्हणजे फोन घरात आणि आई चुलीपाशी असते तेव्हा. एका वेळी एकच विषय. शाळेची मराठी नको, घरची हवी. तांड्यावरच्या घरांसाठी तिथल्याच कॉलेजात जाणाऱ्या एका पोरीने गोरमाटीत सांगितलं, मोहल्ल्यासाठी एका शिक्षकाने दखनीत. फरक लगेच दिसला, कारण आवाज घरात मोठ्याने वाजतो आणि सासू, सून, पोरं सगळे एकदम ऐकतात. जुन्या दवंडीत हेच होतं. दवंडीचे गोडवे गायची मला हौस नाही. डफडं कुणाच्या गळ्यात बांधलेलं असायचं, हे मराठवाड्यात सांगायला नको. पण ती चुलीपर्यंत ऐकू जायची, एवढं खरं.

माझं हे म्हणणं सगळ्यांनी ऐकलं असं नाही. काही मुख्याध्यापकांना आवाजात बोलणं धोक्याचं वाटतं. लेखी असलं की अंगाशी येत नाही. ग्रुप ‘फक्त अॅडमिन’वर ठेवण्याची आवडही तिथूनच येते. पालकांनी त्यात काही विचारायचं नाही, अंगठा दाखवायचा. अशा ग्रुपला मी सूचनाफलक म्हणते, आणि शाळेच्या भिंतीवर एक सूचनाफलक आधीच होता.

मला शाळेच्या सगळ्या कळवाकळवीत मनापासून पटलेला प्रकार म्हणजे 2022 पासून सुरू झालेला ‘पहिले पाऊल’ मेळावा. पहिलीत येणाऱ्या पोरांना आयांसकट शाळेत बोलवायचं. पोरगं उडी मारतं, मणी ओवतं, लहान-मोठं वेगळं करतं, चित्र बघून गोष्ट सांगतं, आणि प्रत्येक टेबलावर ‘विकास पत्र’ नावाच्या कार्डावर नोंद होते. आई शेजारी उभी राहून बघते. एका पोराला हरभऱ्याचे सात दाणे मोजता येईनात. पाचानंतर तो थेट आठावर जायचा. आईने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि खाली बसून त्याचं बोट धरून दाणे सरकवायला लागली. तिला वाचता येत नव्हतं, पण आपलं पोरगं नेमकं कुठे अडतंय हे तिला त्या क्षणी कळलं. मेळाव्यानंतर आयांचे गट होतात, दर आठवड्याला घरी करायच्या खेळांच्या सूचना त्यांच्यापर्यंत जातात. काही गट दोन महिन्यांत विरतात, काही टिकतात. गटात एक तरी स्वतःचा फोन असलेली, बोलकी बाई असली तर टिकतो, असं मी पाहिलं.

कळवलं तरी वेळेवर कळवलं का, हाही प्रश्न आहे. दरवर्षी हंगाम आला की आमच्या जिल्ह्यातली कित्येक घरं कुलूप लावून ऊसतोडीला निघतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. टोळीच्या मुकादमाकडून आगाऊ पैशांची उचल पावसाळ्यातच घेतलेली असते. पोरांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय आहे. आजी-आजोबांजवळ राहून पोरं गावातच शिकू शकतात. पोरगं सोबत गेलंच तर जिथे जाईल तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड आहे. हे सगळं घराला कळायला हवं ते उचल घेण्याच्या आधी, म्हणजे जुलै-ऑगस्टात. आमचे कागद हलतात दिवाळीच्या सुट्टीत. ट्रॅक्टर निघून गेल्यावर दिलेली ही बातमी काय कामाची? हुशार मुख्याध्यापक मुकादमाचा नंबर जपून ठेवतात, कारण फडावर असलेल्या बापाला निरोप पोचवणारा तोच. मुकादमाच्या मर्जीवर शाळेचा निरोप अवलंबून असावा हे मला पटत नाही, पण सध्या आहे हे असं आहे.

नुसत्या माहितीने सगळं होतं, असं समजणारी मी नाही. उत्तर प्रदेशात जौनपूर जिल्ह्यात ‘प्रथम’ या संस्थेने आणि काही अर्थतज्ज्ञांनी मोठा प्रयोग केला होता. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो त्यात होते. गावागावांत सभा घेऊन लोकांना ग्राम शिक्षण समितीची, तिच्या अधिकारांची, मुलांना वाचता येतं की नाही याची माहिती दिली. आधीच्या पाहणीत समितीच्या कित्येक सदस्यांनाच आपण सदस्य आहोत हे माहीत नसल्याचं आढळलं होतं. सभा झाल्या आणि सरकारी शाळांत काहीही हललं नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या एका शाळेत दुसराच अनुभव आला: मुलाने कोणता गृहपाठ दिला नाही, हे पालकांना थेट मेसेजने कळवलं तेव्हा मुलांची मेहनत आणि गुण दोन्ही वाढले. दोन्हींतला फरक मला उघड दिसतो. व्यवस्थेची माहिती सभेत ऐकून माणूस घरी जातो. आपल्या पोराची बातमी कळली की तो उठून काहीतरी करतो.

तरीही समितीचा विषय मी सोडत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि निम्म्या महिला. पुष्कळ ठिकाणी बैठकीचं इतिवृत्त आधी लिहून होतं आणि मग रजिस्टर सहीसाठी घरोघरी फिरतं. जिथे पैशांची गोष्ट सांगितली जात नाही तिथे बैठकीला कोण कशाला येईल? समग्र शिक्षा योजनेतून शाळेला पटानुसार अनुदान येतं: पट तीसच्या वर शंभरपर्यंत असेल तर 25,000, त्यापुढे अडीचशेपर्यंत 50,000. आमच्याकडच्या एका शाळेत तिच्या अनुदानाचा आकडा मी बैठकीच्या दिवशी फळ्यावर खडूने लिहायला लावला. मुख्याध्यापकांना ते आवडलं नाही, पण लिहिला.

एक बाई फळ्याकडे बघत होती. शेजारणीने तिला आकडा वाचून दाखवला. ती म्हणाली, “पंचवीस हजार येत्यात तर मुतारीला पाणी का नाय? मोटर तर पोळ्यापासून बंद हाय.” मुख्याध्यापकांनी लाईट बिल, खडू-डस्टर, रंगरंगोटी, सगळं सांगितलं, पैसे एकदम येत नाहीत, अर्धे-अर्धे येतात आणि तेही वर्ष सरताना, हेही सांगितलं. बाई म्हणाली, “मग हे आधीच सांगायचं ना सर. आमाला वाटलं तुमीच खाल्ले.” सगळे हसले, मुख्याध्यापकही. मोटर शेवटी ग्रामपंचायतीने दुरुस्त करून दिली, कारण त्या बाईने तिथेही जाऊन हाच प्रश्न विचारला.

पुढच्या बैठकीला ती गल्लीतल्या आणखी चौघींना घेऊन आली. मुख्याध्यापकांचा मला फोन आला: मॅडम, आता या बाया विचारतात, पोषण आहारात एका लेकराला किती तांदूळ असतो, तेही फळ्यावर लिहायचं का? मी म्हटलं, लिहा. पाचवीपर्यंत शंभर ग्रॅम, सहावी ते आठवी दीडशे. आणि डाळीचंही लिहा, नाहीतर त्या विचारणारच आहेत.