बोलतं ठेवणारी भूल

माणूस सत्तरीकडे झुकला की त्याच्या गप्पांत शुगर येते, बीपी येतं, मोतीबिंदू येतो, गुडघे तर येतातच. पण रात्री चार-चार वेळा उठावं लागतं, हे तो सहसा कुणाला सांगत नाही. आमच्या सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळात एकदा प्रोस्टेटचा विषय निघाला, तेव्हा दोघांची ऑपरेशनं होऊनही गेली होती आणि बाकीच्यांना पत्ता नव्हता! गंमत म्हणजे त्या दोघांना सर्जनचं नाव, खोलीचं भाडं, औषधांचं बिल, सगळं पाठ. भूल कसली दिली होती, असं विचारलं तर दोघेही म्हणाले, "पाठीत इंजेक्शन दिलं." बस्स, एवढंच.

मंडळी, म्हणूनच आज या 'पाठीतल्या इंजेक्शना'वर लिहायचं ठरवलं. मी मराठीचा मास्तर, विज्ञानाशी माझा संबंध दहावीपुरता. पण चौऱ्याहत्तराव्या वर्षी माझी पाळी आली तेव्हा भूलतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंना मी इतके प्रश्न विचारले की त्या शेवटी हसून म्हणाल्या, "सर, आता माझी तोंडी परीक्षा पुरे!"

प्रश्न विचारण्याला कारण होतं. आमच्या सौ.ना पार्किन्सन आहे. दिवसातून पाच वेळा गोळ्या, त्याही मिनिटाच्या हिशेबाने. जेवणाआधी कुठली, नंतर कुठली, हे सगळं माझ्या डोक्यात. मुलगी परगावी. ऑपरेशननंतर म्हातारी माणसं चार-आठ दिवस भ्रमिष्टासारखी वागतात, घरच्यांना ओळखत नाहीत, हे मी ऐकलं होतं आणि एका स्नेह्याच्या बाबतीत पाहिलंही होतं. मरणाची भीती मला तितकीशी वाटली नाही. डोकं जाईल याची मात्र वाटली.

आधी ऑपरेशनबद्दल थोडक्यात. प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली, तरुणपणी अक्रोडाएवढी ग्रंथी. तिच्यामधूनच लघवीची नळी जाते, त्यामुळे ती वाढली की वाट चिंचोळी होते. लघवीच्या मार्गानेच दुर्बीण घालून, विजेच्या तारेने वाढलेला भाग खरवडून काढतात. पोटावर टाका नाही. हे साधारण तासाभराचं काम, आणि ते बहुतेक वेळा कमरेखालचा भाग बधिर करून होतं.

आता हे बधिर करण्याचे प्रकार. पाठीच्या कण्यात एक पाण्याची पिशवी असते. त्या पाण्यात मज्जारज्जू आणि त्याच्या नसा असतात. रज्जू कमरेच्या वरच्या बाजूलाच संपतो, खाली नुसत्या नसा मोकळ्या तरंगतात. म्हणून सुई त्याच्याही खाली टोचतात. औषध थेट या पाण्यात सोडलं की तो झाला 'स्पायनल'. औषध थोडंसं, दोन-तीन मिलिलिटर, पण पाच-दहा मिनिटांत पाय जड होतात. त्या औषधात साखर मिसळून ते जड केलेलं असतं. पाण्यात पाक ओतला की तो तळाशी जातो, तसं ते उताराकडे जातं. पेशंटला कसं बसवायचं, कसं निजवायचं, यावर बधिरपणा कुठवर चढेल हे बरंचसं ठरतं.

पिशवीच्या आत न शिरता तिच्या बाहेरच्या पोकळीत औषध सोडलं तर तो 'एपिड्युरल'. इथे औषध जास्त लागतं, सुई जाड असते, आणि बारीक नळी आत ठेवून थोडं थोडं औषध देता येतं. आमचं बालपण शेतावर गेलं, म्हणून मला पाटाचं पाणी आठवलं. ते वाफ्यावाफ्यांत झिरपत जातं, पंधरा-वीस मिनिटं घेतं, आणि एखादा वाफा कोरडाही राहतो. दुर्दैवाने प्रोस्टेटच्या ऑपरेशनला ज्या शेवटच्या, माकडहाडाजवळच्या नसा बधिर व्हायला हव्यात, नेमका तोच वाफा कधी कधी कोरडा राहतो. स्पायनलमध्ये तसं सहसा होत नाही.

तिसरा प्रकार 'सॅडल ब्लॉक', म्हणजे घोड्याच्या खोगिरावर टेकतो तेवढाच भाग बधिर. स्पायनलचंच औषध कमी प्रमाणात देऊन पेशंटला काही मिनिटं बसतं ठेवतात, औषध तळाशी उतरतं. याने बीपी फारसं उतरत नाही. मग सगळ्यांना हेच का देत नाहीत? कारण ऑपरेशनच्या वेळी मूत्राशयात पाणी भरत राहतात, आणि मूत्राशय ताणल्याची जाणीव ज्या नसांनी वर जाते त्या बऱ्याच वरून निघतात. त्यासाठी बेंबीच्या पातळीपर्यंत बधिरपणा लागतो. सर्जनने पाण्याचा दाब कमी ठेवला तर सॅडलवर भागतं, नाहीतर पेशंट कळवळतो. मधला मार्ग म्हणून औषध कमी करून त्यात फेंटॅनिलचा अंश मिसळतात. बीपी सांभाळलं जातं, फक्त कधी कधी अंगाला खाज सुटते.

"मग यात सगळ्यात चांगलं कुठलं?" माझा मास्तरी प्रश्न. बाई म्हणाल्या, "पद्धतीला मार्क देऊ नका सर, आधी पाठ आणि हृदय बघायचं."

ते मला पटलं. स्पायनलने पायांतल्या रक्तवाहिन्या सैलावतात, रक्त खाली साचतं आणि काही मिनिटांत बीपी उतरतं. धडधाकट माणसाला ते सलाइन आणि औषधाने सावरता येतं. पण आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांची हृदयाची झडप अरुंद झालेली होती. एकदम उतरलेलं बीपी अशा हृदयाला झेपत नाही, म्हणून त्यांना नळी घालून, बेताबेताने एपिड्युरल दिलं. जो रक्त पातळ करण्याची जोरकस गोळी घेतो त्याच्या कण्यात सुईने रक्त साकळलं तर पाय कायमचे जाऊ शकतात. म्हणून कुठली गोळी किती दिवस आधी थांबवायची ते डॉक्टर ठरवतात. आपण मनाने थांबवू नये आणि लपवूही नये. शिवाय म्हातारपणी मणक्यांमधल्या फटी अरुंद होतात, बंध कडक होतात. माझ्या पाठीत सुई तिसऱ्या खेपेला बाजूने वळवून गेली. पन्नास वर्षं फळ्यासमोर उभं राहिल्याचं ते फळ असावं!

या विद्येचा आरंभही वाचण्यासारखा आहे. १८९८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या कील गावी ऑगस्ट बीअर या सर्जनने कण्यात कोकेन टोचून पहिलं स्पायनल दिलं. पुढे त्याने आणि त्याच्या सहायकाने हा प्रयोग एकमेकांवर केला, आणि दोघांचं डोकं भयंकर दुखलं. बीअर तर कित्येक दिवस अंथरुणावर आडवा होता. सुईच्या छिद्रातून ते पाणी गळत राहतं, म्हणून डोकं दुखतं. आता सुया केसासारख्या बारीक आल्या, आणि ही डोकेदुखी म्हाताऱ्यांना तरुणांपेक्षा कमी होते. म्हातारपणाचा एखादा तरी फायदा हवाच की!

पण मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते वेगळंच. दुर्बिणीतून जे पाणी सोडतात ते उघड्या शिरांतून रक्तात शिरतं. जुन्या पद्धतीच्या यंत्राला मिठाचं पाणी चालत नाही, त्यातून वीज पसरते. म्हणून ग्लायसिनचं बिनमिठाचं पाणी वापरतात. ते जास्त शिरलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि मेंदूला सूज येऊ शकते. त्याची पहिली खूण कुठली? पेशंट अस्वस्थ होतो, मळमळतं म्हणतो, डोळ्यांपुढे अंधुक दिसतं म्हणतो, असंबद्ध बोलू लागतो. मूत्राशयाला भोक पडलं तर खांदा दुखतो म्हणतो. म्हणजे बघा, या सगळ्या खुणा बोलण्यातल्या! पूर्ण भुलेत झोपलेला माणूस यातलं काहीच सांगू शकत नाही. नव्या बायपोलर यंत्राला सलाइन चालतं, त्यामुळे सोडियमचा धोका बराच कमी झाला आहे. तरी पाणी जास्त शिरून धाप लागू शकतेच.

माझ्या वेळी यंत्र बायपोलर होतं. ऑपरेशनच्या खोलीत जाताना नर्सने चष्मा आणि कानातलं यंत्र काढायला सांगितलं. बाईंनी सर्जनना विचारून यंत्र कानातच राहू दिलं. "मला यांच्याशी बोलायचंय," म्हणाल्या. झोपेचं औषधही जवळजवळ दिलं नाही. मग तासभर गाव कुठलं, कोणत्या इयत्तांना शिकवलंत, समास किती प्रकारचे, अशी चौकशी चालू होती. मी तत्पुरुषाचे प्रकार सांगत होतो आणि त्या माझ्या उत्तरांवरून माझा मेंदू तपासत होत्या. जन्मभर मी मुलांच्या उत्तरांवरून त्यांचं डोकं जोखलं; तो धंदा या बाईंचाही आहे, हे तेव्हा कळलं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. पाठीत भूल घेतली म्हणजे नंतर भ्रम होणारच नाही, असं नाही. खुब्याच्या ऑपरेशनबद्दल २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातल्या मोठ्या अभ्यासात १६०० रुग्ण होते, आणि स्पायनल व पूर्ण भूल यांत भ्रमाच्या बाबतीतही फारसा फरक दिसला नाही. ऑपरेशन वेगळं असलं तरी माणसं म्हातारीच होती. झोपेचं जादा औषध, जंतुसंसर्ग, वेदना, जागरण, चष्मा नाही, कानाला ऐकू येत नाही, यांनीही म्हाताऱ्याचं भान सुटतं. म्हणून बाईंनी वॉर्डात चष्मा, यंत्र आणि भिंतीवरचं घड्याळ यांची आठवण मुद्दाम करून दिली.

मराठीत 'भूल' हा शब्द मोठा फसवा. रानात पडते ती भूल, मनाला पडते ती भूल, आणि ऑपरेशनला देतात तीही भूल. पण या भुलेत भान जात नाही, उलट भानाचीच गरज असते. तेव्हा समवयस्क मित्रांनो, सर्जन जरूर चांगला शोधा, पण आदल्या दिवशी दहा मिनिटं भूलतज्ज्ञांसाठी मागून घ्या. गोळ्यांची यादी, हृदयाची तक्रार, पाठीचं जुनं दुखणं, ऐकू कमी येणं, आणि घरी आपल्यावर कोण अवलंबून आहे, हे सगळं सांगा. मी सौ.च्या गोळ्यांबद्दल सांगितलं होतं. माझे पाय तीन तासांनी हलले, लघवीची नळी तिसऱ्या दिवशी निघाली, आणि मधल्या काळात मुलीला फोनवरून पाचही वेळच्या गोळ्या मी न चुकता सांगत होतो.