सरस कोणता?

'सरस' या शब्दाची मराठीत मोठी गंमत आहे. सरस म्हणजे उजवा, वरचढ. आणि सरस म्हणजे सुताराच्या डब्यात रटरटणारा, जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला, दोन गल्ल्या पलीकडून वासाने ओळखू येणारा चिकट पदार्थ. त्यामुळे 'यातला सरस सरस कोणता?' असं विचारलं, की लोक आपल्याला तोतरा समजतात. मी हा प्रश्न गेली पंधरा वर्षं विचारतो आहे.

मी बँकेतला कारकून, शिक्षणाने बी. कॉम. दिवसभर दुसऱ्यांचे पैसे मोजायचे आणि संध्याकाळी घरी वायरी, बझर आणि तांबडे-हिरवे दिवे जोडत बसायचं, ही माझी हौस. लोकांना वाटतं, यात अवघड भाग विजेचा. छे! वीज बिचारी लेजरसारखी नियमाने वागते. इकडून निघाली की तिकडे पोचते. अवघड असतं ते हे सगळं बिऱ्हाड एका डब्यात जागच्या जागी बसवणं.

यंदा हा प्रश्न नुसता हौसेचा राहिला नाही. आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. रात्री एकटीने उठायचं नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद. ती पुढच्या खोलीत, आम्ही आतल्या. आणि तिचा आवाज हल्ली पंख्याच्या आवाजापुढे हार खातो. तेव्हा तिच्या उशाशी बटण, माझ्या उशाशी बझर, मध्ये वीस फूट वायर आणि दोन पेन्सिल सेल, असा बेत ठरला. आईने तत्काळ हरकत घेतली, "मी काय मॅनेजर आहे घंटी वाजवून माणसं बोलवायला?" हरकत नोंदवून घेतली आणि मी कामाला लागलो. पण ऐन रात्री बटण निखळलं तर? वायर ओढली जाऊन डाग सुटला तर?

घरात सल्ल्यांना तोटा नाही. आई म्हणाली, "अरे, भाताची शितं घे. आमची पाकिटं, पतंग, सगळं शितांवर चालायचं." पण शितांवर चिकटवलेली वस्तू रात्री झुरळांचं जेवण होते. "अहो, तो पांढरा फेव्हिकॉल आहे की घरात," ही सौ.ची सूचना. फेव्हिकॉल १९५९ साली आला तो लाकडासाठी, आणि तिथे त्याला तोड नाही. पण हा पांढरा गोंद पाणी उडून गेल्यावर धरतो. लाकूड पाणी पितं, कागद पितो. प्लॅस्टिक आणि पत्र्याच्या मध्ये अडकलेल्या पाण्याने जायचं कुठे? शिवाय ओला असताना तो थोडी वीजही जाऊ देतो. म्हणजे ही मुदत ठेव; आणि आपल्याला तर आजच पैसे हवेत.

दुकानदार म्हणाला, "साहेब, एक थेंब!" या एकथेंबी गोंदाचं खरं नाव सायनोअॅक्रिलेट. १९४२ साली अमेरिकेत हॅरी कूवर नावाचे रसायनतज्ज्ञ बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधत होते, तेव्हा हे हाती लागलं; आणि 'जिथेतिथे चिकटतं' या दोषापायी बाजूला ठेवलं गेलं. पुढे १९५८ साली तोच दोष गुण म्हणून बाजारात आला. आमच्या बँकेतही काही बढत्या अशाच होतात. हा हवेतल्या ओलाव्याने पटकन धरतो हे खरं. पण धरताना त्याची वाफ आजूबाजूला पांढरी भुरी धरते, आणि बटणाच्या आतल्या पट्ट्यांवर ती बसली की बटण दाबलं जातं, घंटा वाजत नाही. आईच्या बाबतीत हा धोका मला परवडणारा नव्हता.

मग इपॉक्सी, म्हणजे दोन नळ्यांवाला. हे संयुक्त खातं: दोघांच्या सह्या झाल्याशिवाय व्यवहार नाही. बहुतेकांत दोन्ही नळ्यांतला माल समसमान घ्यायचा, नीट घोटायचा. ताकद जबरदस्त, वीजही अडवतो. फक्त हे खातं बंद करता येत नाही. सिलिकॉन घ्यावं, तर साध्या नळीला व्हिनेगरचा वास येतो. तो असेटिक अॅसिडचा, आणि ते तांब्याला खातं. बिनवासाची, तटस्थ जात निराळी मिळते, ती चालते.

उरली ती गरम गोंदाची बंदूक. कांडी वितळते, मिनिटभरात थिजते, वीज अडवते आणि काढायची झाली तर कडेने आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडलं की सुटून येते. तिचं वैर उष्णतेशी. तापणाऱ्या भागाजवळ लावली, की ती पुन्हा मऊ होते. दोन सेलचा बझर काही तापत नाही. ठरलं!

आता डबा. मी साबणाची डबी घेतली होती. पण ती पडली पॉलिप्रॉपिलीनची, आणि त्याला सहसा कोणीच नीट चिकटत नाही, वसुली अधिकाऱ्यापुढल्या थकबाकीदारासारखं ते निसटतं. म्हणून ती ठेवली साबणालाच आणि दुसऱ्या प्लॅस्टिकची डबी आणली. आतून पॉलिश पेपरने खरवडली, पुसली. वायरीला आतल्या बाजूने गाठ मारली, म्हणजे ओढ गाठीवर येते, डागावर नाही. बटण आणि बझर गरम गोंदाने बसवले. झाकणाला मात्र गोंदाचा थेंब नाही, चार स्क्रू. कारण सेल आज ना उद्या संपणारच.

आईने डबी उलटसुलट करून पाहिली. दुकानदार सांगतो, किती घट्ट बसेल, तिने विचारलं, "हे सुटं होतं ना रे?"

"होतं की."

"बरं झालं. मी चालायला लागले की हे तुझ्या दुसऱ्या कशाला तरी लाव. वाया घालवू नकोस."

त्या रात्री अडीच वाजता बझर किंचाळला. मी अनवाणी धावलो. आई शांतपणे पडली होती.

"काही नाही, वाजतं का ते पाहिलं," ती म्हणाली. "आता आलाच आहेस, तर पंखा जरा कमी कर."